थिअरीचा पेपर, प्रॅक्टिकलचं जर्नल आणि म्युऑन

बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलमध्ये गुरुत्वत्वरणाची किंमत ९.८ येते. लंबकाचा दोरा लांब असो की आखूड, स्टॉपवॉचचं बटण वेळेवर दाबलं जावो की न जावो, ९.८ येतेच. उत्तर आधीपासून पाठ असतं. ते समोर ठेवून गणित उलटं करायचं, दोलनकाळ काढायचा आणि निरीक्षणांच्या तक्त्यात भरून टाकायचा. पोरांच्या बोलीत याला रीडिंग जुळवणं म्हणतात. एक्स्टर्नल येतात, जर्नल चाळतात, तोंडीला दोन प्रश्न विचारतात, सही होते. थिअरीचा पेपर वेगळ्या दिवशी, वेगळ्या हॉलमध्ये. तिथे त्याच लंबकाचं सूत्र पायरी-पायरीने सिद्ध करायचं असतं. त्या सूत्राचा प्रयोगशाळेतल्या दोऱ्याशी काही संबंध आहे, असं ना लिहिणाऱ्याला वाटतं ना तपासणाऱ्याला.

कणभौतिकी अशी दोन हॉलमध्ये वाटून शिकता येत नाही. नुसती थिअरी शिकली तर हाती एक जंत्री उरते: सहा क्वार्क, सहा लेप्टॉन, बलं वाहून नेणारे चार जातींचे कण आणि एक हिग्ज. नुसता प्रयोग शिकला तर बटणं दाबता येतात, पण पडद्यावर उमटलेली रेघ कशाची आहे ते सांगता येत नाही. या विषयातला कण कुणी डोळ्यांनी पाहिलेला नाही. त्याने सोडलेली खूण दिसते, आणि ती त्याचीच खूण कशी हे ठरवायला सिद्धांत लागतो. उलट सिद्धांत खरा की खोटा हे ठरवायला खुणेशिवाय दुसरा साक्षीदार नाही. म्हणून या पुस्तकाच्या पुढच्या प्रकरणांत समीकरण आलं की त्याच्या मागोमाग उपकरण येईल, आणि उपकरण आलं की समीकरण.

हे शिकणं एखाद्या आडगावातून कितपत जमतं, ते पाहू. जालन्याहून मंठ्यामार्गे जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सेलू तालुक्यात, देवगाव फाटा लागतो. इथल्या मुलाला किंवा मुलीला भौतिकशास्त्र शिकायचं तर सेलू नाहीतर जिंतूर गाठायचं, पुढे परभणी, नांदेड किंवा संभाजीनगर. या वाटेवर कणभौतिकी भेटते ती अभ्यासक्रमाच्या शेवटच्या युनिटमध्ये, आणि शेवटचं युनिट बहुतेकांनी ऑप्शनला टाकलेलं असतं. जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेत कणांच्या टकरी घडवण्यासाठी बांधलेल्या २७ किलोमीटर घेराच्या बोगद्याचा फोटो पुस्तकात असतो. तो दिसतो छान, पण आपलं आणि त्याचं काही देणंघेणं नाही, अशी खात्रीही पटवून जातो.

निदान या टापूत तरी ती खात्री आता टिकू नये. फाट्यावरून जिंतूर ओलांडून पुढे गेलं की औंढा नागनाथ. हिंगोली जिल्ह्यातल्या त्या शिवारात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहायची आहे. काटकोनात पसरलेल्या तिच्या दोन भुजा प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या असतील, आणि तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजूर केले. ही काही कणांची प्रयोगशाळा नव्हे. तिथे टकरी होणार नाहीत. पण आइन्स्टाइनने १९१६ साली कागदावर मांडलेली लहर अमेरिकेतल्या यंत्रांत २०१५ साली नोंदली गेली, आणि मधली ९९ वर्षं सिद्धांत मांडणारे आणि यंत्र बांधणारे एकमेकांना सोडून राहिले नाहीत. हाच संसार कणभौतिकीतही आहे, फक्त भांडणं जास्त.

आणि कणांसाठी तर औंढ्यापर्यंतही जायला नको. अवकाशातून आलेले प्रोटॉन वातावरणाच्या वरच्या थरात हवेच्या अणुकेंद्रांवर आदळतात, त्यातून पायॉन निघतात आणि पायॉनचं विघटन होऊन म्युऑन तयार होतात. हे सारं साधारण १५ किलोमीटर उंचीवर घडतं. हे म्युऑन रात्रंदिवस खाली बरसत असतात. जमिनीवर दर चौरस सेंटिमीटरला मिनिटाला सुमारे एक. एसटीची वाट बघत फाट्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या तळहातातून सेकंदाला एखाद-दुसरा म्युऑन आरपार जातो.

इथपर्यंतची माहिती कुठल्याही विज्ञानसदरात मिळते. पुढचा हिशेब मात्र वही-पेन घेऊन करावा असा आहे. म्युऑन अल्पायुषी आहे. त्याचं सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद. प्रकाशाच्या वेगाने धावला तरी एवढ्या वेळात तो जाणार ६६० मीटर. १५ किलोमीटर यायला ५० मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे जवळजवळ २३ आयुष्यं. विघटनाचा नियम लावला तर वर तयार झालेल्या हजार कोटी म्युऑनांपैकी एखादाच खाली पोचायला हवा. मग तळहातातून जाणारे एवढे येतात कुठून? विशेष सापेक्षता सांगते की वेगाने धावणाऱ्या कणाचं घड्याळ आपल्या हिशेबाने मंद चालतं. ४ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेच्या म्युऑनचं घड्याळ सुमारे ३८ पटींनी मंदावतं. त्याचं आयुष्य आपल्याला ८३ मायक्रोसेकंदांचं दिसतं. आता पुन्हा हिशेब केला तर, वाटेत हवेत होणारी ऊर्जेची झीज बाजूला ठेवून, निम्म्याहून जास्त म्युऑन खाली पोचतात. हजार कोटींत एक आणि दोघांत एक, असा हा फरक आहे. इथे रीडिंग जुळवायची सोय नाही, आणि गरजही नाही.

डेव्हिड फ्रिश आणि जेम्स स्मिथ यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला हाच प्रयोग विद्यार्थ्यांसाठी फिल्मवर चित्रित केला. अमेरिकेतल्या माउंट वॉशिंग्टनच्या माथ्यावर, म्हणजे १,९०० मीटरच्या आसपास उंचीवर, त्यांनी तासाला साडेपाचशेहून जास्त म्युऑन मोजले. घड्याळ मंदावत नसतं तर समुद्रसपाटीला त्यातले २७ उरायला हवे होते. उरले चारशेच्या वर. ती फिल्म आजही बघण्यासारखी आहे, कारण दोन प्राध्यापक आपले अंदाज आधी फळ्यावर लिहितात आणि मग मोजायला खाली उतरतात.

या हिशेबाशी मुंबईचं जुनं नातं आहे. मुंबईचे होमी भाभा केंब्रिजमध्ये असताना, १९३८ साली, त्यांनी लिहून ठेवलं होतं की वैश्विक किरणांतले हे जड कण आपोआप विघटन पावत असतील, तर त्यांच्या आयुष्यमानावरून सापेक्षतेची थेट परीक्षा घेता येईल. भाभा मुळात कागद-पेनाचे शास्त्रज्ञ. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवरून कसे विखुरतात याचं सूत्र त्यांनी १९३५-३६च्या सुमारास काढलं. आज ते भाभा विकिरण म्हणून ओळखलं जातं. त्या सूत्राचा पुढचा प्रवास फार बोलका आहे. जिनिव्हाच्या बोगद्यात १९८९ ते २००० या काळात इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन टकरींचं यंत्र चाललं. टकरी किती तीव्रतेने होताहेत हे मोजायचं कसं, हा तिथला रोजचा प्रश्न होता. उत्तर असं की भाभांच्या सूत्राप्रमाणे ज्या कोनात जितके कण विखुरायला हवेत तितके मोजायचे आणि त्यावरून तीव्रता काढायची. एका तरुणाने वहीत सोडवलेलं गणित अर्ध्या शतकाने मोजपट्टी होऊन बसलं.

पण हेच भाभा युद्धामुळे भारतात अडकल्यावर बंगळुरूत वैश्विक किरणांच्या प्रयोगांमागे लागले. जून १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली आणि त्याच वर्षअखेर ती मुंबईत, पेडर रोडवरच्या केनिलवर्थ बंगल्यात आली. कुलाब्याची आजची इमारत बरीच नंतरची. सिद्धांतवाले आणि काउंटरवाले एकाच छपराखाली बसवायचे, हे त्या संस्थेच्या घडणीतच होतं. १९४९ साली तिथे बिभा चौधुरी आल्या, संस्थेतल्या पहिल्या महिला संशोधक. त्याआधी कोलकात्यात देवेंद्रमोहन बोस यांच्यासोबत त्यांनी फोटोच्या काचा हिमालयात उंचावर नेऊन ठेवल्या होत्या, आणि त्यांवर उमटलेल्या रेघांवरून मेसॉनचं, म्हणजे वैश्विक किरणांतल्या त्या जड कणांचं, वस्तुमान काढण्याचा प्रयत्न केला होता. दिशा बरोबर होती, पण युद्धकाळात हव्या त्या दर्जाच्या काचा मिळेनात. पुढे ब्रिटनमध्ये सेसिल पॉवेल यांच्या गटाने अधिक चांगल्या इमल्शनवर १९४७ साली पायॉन शोधला आणि १९५०चं नोबेल पॉवेलना मिळालं. प्रयोगाचं कौशल्य कमी पडलं नव्हतं; कमी पडली ती काचेवरची रसायनाची जाडी आणि प्रत.

आता कोलारची गोष्ट, जी थोडी सविस्तर सांगायला हवी. कोलारच्या सोन्याच्या खाणी जगातल्या सर्वांत खोल खाणींपैकी होत्या. जसजसं खाली जावं तसतसे म्युऑन खडकात अडत जातात, म्हणून वेगवेगळ्या खोलीवर किती म्युऑन पोचतात हे मोजायला टाटा संस्थेच्या लोकांनी १९६०च्या आसपास काउंटर खाली नेले. सगळ्यांत खोल ठिकाणी, जमिनीखाली पावणेतीन किलोमीटरच्या सुमारास, काउंटर सुमारे दोन महिने चालू राहिला आणि त्यात एकही म्युऑन नोंदला गेला नाही.

शून्य! कॉलेजच्या जर्नलमध्ये असं रीडिंग कुणी लिहिलं तर प्रयोग पुन्हा करायला सांगतील, किंवा शेजारच्याचं बघून भरायला. कोलारमध्ये मात्र या शून्यावरच पुढचा सगळा डाव मांडला गेला. म्युऑनचा इतका गलका थांबलाय, तर मग न्यूट्रिनोचा आवाज इथे ऐकू येईल, असा तो विचार. न्यूट्रिनो खडकाला जुमानत नाही. मात्र अब्जावधींत एखादा न्यूट्रिनो आसपासच्या खडकातल्या अणुकेंद्रावर आदळतो आणि तिथेच नवा म्युऑन जन्माला घालतो. तो ओळखायचा कसा? सिद्धांताने खूण सांगितली. वातावरणातून आलेला म्युऑन इतक्या खोल पोचलाच तर जवळजवळ सरळ वरून येईल, कारण तिरप्या वाटेला खडक कितीतरी जास्त. म्हणजे आडवा येणारा म्युऑन हा न्यूट्रिनोचाच. मग काउंटर जमिनीवर अंथरण्याऐवजी भिंतीसारखे उभे केले गेले. टाटा संस्था, जपानमधलं ओसाका सिटी विद्यापीठ आणि इंग्लंडमधलं डरहॅम विद्यापीठ यांनी मिळून २.३ किलोमीटर खोलीवर प्लास्टिक सिंटिलेटर आणि निऑन फ्लॅश ट्यूबच्या या भिंती उभारल्या. वातावरणात तयार झालेल्या न्यूट्रिनोची नोंद सांगणारा त्यांचा शोधनिबंध ऑगस्ट १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणीत फ्रेडरिक राइन्स यांच्या गटालाही त्याच वर्षी असेच न्यूट्रिनो सापडले. काउंटर उभे करायचे की आडवे, हा निर्णय सुताराचा वाटेल, पण तो घेतला गणिताने.

कोलारचं भूमिगत संशोधन १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला थांबलं. त्याची जागा घेणारी न्यूट्रिनो वेधशाळा तमिळनाडूत तेणी जिल्ह्यात व्हायची होती. ती परवानग्या आणि विरोध यांत रखडली. जगात पहिल्यांदा वातावरणीय न्यूट्रिनो पाहणाऱ्यांत ज्या देशाचं नाव आहे, त्याने हे क्षेत्र असं मोकळं सोडावं हे बरं नाही.

सिद्धांत आणि प्रयोग यांत भांडण झालं तर कुणाचं ऐकायचं? पाठ्यपुस्तकी उत्तर ठरलेलं आहे: प्रयोगाचं. प्रत्यक्षात ते इतकं सोपं नाही, आणि हा विषय शिकण्यातली खरी मजा इथेच आहे. ई. सी. जी. सुदर्शन १९५२ ते १९५५ या काळात टाटा संस्थेत होते. तिथून ते अमेरिकेत रॉचेस्टरला रॉबर्ट मार्शाक यांच्याकडे गेले. दोघांनी १९५७ साली क्षीण बलाचा एक सिद्धांत मांडला. तो चार प्रसिद्ध प्रयोगांच्या निकालांशी जुळत नव्हता. दुसरा कुणी असता तर सिद्धांत मुरडून घेतला असता. या दोघांनी लिहिलं की हे प्रयोगच पुन्हा करून पाहावेत. पाहिले, आणि प्रयोग चुकलेले निघाले.

उलट बाजूची गोष्टही आहे. सप्टेंबर २०११ मध्ये जिनिव्हाहून इटलीतल्या ग्रान सासोकडे ७३० किलोमीटर अंतर खडकातून पार करणारे न्यूट्रिनो प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोचल्याचं ऑपेरा प्रयोगाने जाहीर केलं. जगभरच्या वर्तमानपत्रांनी आइन्स्टाइनला निवृत्त करून टाकलं. काही महिन्यांत कारण सापडलं: एक फायबर-ऑप्टिक केबल नीट बसलेली नव्हती. सुदर्शन बरोबर निघाले आणि ऑपेरा चूक, याचा अर्थ सिद्धांतच नेहमी जिंकतो असा नाही. दोन्हीकडे कुठे किती भरवसा ठेवायचा याची जाण लागते, आणि ती दोन्हीकडची कामं थोडी तरी केल्याशिवाय येत नाही.

रीडिंग जुळवण्याचा मोह तर मोठमोठ्यांनाही होतो, फक्त नकळत. अपेक्षित उत्तर आलं की माणूस चुका शोधणं थांबवतो. यावर शिकागोजवळच्या फर्मीलॅबने जो उपाय केला तो प्रत्येक प्रॅक्टिकलच्या सरांनी वर्गात सांगावा असा आहे. तिथे म्युऑनचं चुंबकीय वर्तन अतिशय सूक्ष्मतेने मोजायचं होतं. मोजमाप एका घड्याळाच्या वारंवारतेवर अवलंबून. प्रयोगाशी संबंध नसलेल्या दोघांनी ते घड्याळ मुद्दाम किंचित बदलून ठेवलं आणि नेमका आकडा लिफाफ्यात बंद केला. दोनशेच्या आसपास शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं विश्लेषण करत राहिले, पण आपलं उत्तर किती आलंय हे त्यांनाच ठाऊक नव्हतं. सगळ्या चुका तपासून झाल्यावर, फेब्रुवारी २०२१ मध्ये, लिफाफा उघडला गेला. एप्रिलमध्ये निकाल जाहीर झाला तेव्हा तो सिद्धांताच्या तोवरच्या किमतीशी जुळत नव्हता. नवा कण, नवं बल, अशा बातम्या झाल्या. मग सिद्धांतवाल्यांनी आपली वही पुन्हा उघडली. महासंगणकांवर वेगळ्या पद्धतीने केलेल्या गणितांतून किंमत सरकली, आणि २०२५ साली फर्मीलॅबचा अंतिम, आणखी अचूक आकडा आला तोवर दोघांमधली दरी जवळजवळ बुजली होती. या शेवटच्या बातमीला वर्तमानपत्रांत फारशी जागा मिळाली नाही. जुळलं, यात बातमी कसली! पण शिकणाऱ्यासाठी हे जुळणं पहिल्या न जुळण्याइतकंच मोलाचं, कारण ते कुणी जुळवलेलं नव्हतं.

मराठी वाचकाने या सगळ्यात एक नाव तरी नीट ओळखीचं करून घ्यावं: रोहिणी गोडबोले. पुण्यात १९५२ साली जन्म, शिक्षण स. प. महाविद्यालयात, मग मुंबईच्या आयआयटीत, डॉक्टरेट न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रुकला. टाटा संस्था, मुंबई विद्यापीठ आणि १९९५ पासून बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, असा त्यांचा प्रवास. त्या पूर्णपणे सिद्धांतवाल्या. पण त्यांचं सर्वांत गाजलेलं काम यंत्रांच्या पोटात शिरणारं आहे. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉनचे दाट झोत समोरासमोर येतात तेव्हा एकमेकांच्या विद्युतक्षेत्रात वाकतात आणि फोटॉन फेकतात. हे फोटॉन आपापसांत भिडले की कधी कधी क्वार्क-ग्लुऑनांचा गाळ उसळतो. मानुएल ड्रीस यांच्यासोबत गोडबोले यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला हिशेब करून दाखवलं की भावी यंत्रांत ऊर्जा फार वाढवली आणि झोतांची रचना चुकली तर हा गाळच इतका होईल की हवी ती टक्कर त्यात सापडणं मुश्कील होईल. यंत्रांचे आराखडे करणाऱ्यांना तो हिशेब विचारात घ्यावा लागला. पुढे आंतरराष्ट्रीय रेषीय कोलायडरसाठी शोधकयंत्रांबाबत सल्ला देणाऱ्या गटात त्या होत्या. म्हणजे उपकरण कसं असावं हे ठरवताना सिद्धांत मांडणाऱ्या बाईंना बोलावणं आलं. २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २५ ऑक्टोबर २०२४ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं.

भालचंद्र उदगावकर हेही टाटा संस्थेतले सिद्धांतवाले, १९६२ साली मरे गेल-मान यांच्यासोबत शोधनिबंध लिहिलेले. त्यांनी मराठी विज्ञान परिषदेचं अध्यक्षपद सांभाळलं आणि शाळांतल्या विज्ञानशिक्षणात बराच जीव घातला. हा विषय मराठीतून सांगता येतो का, असं अजूनही विचारलं जातं, म्हणून हे नाव इथे काढलं.

ज्यांच्याजवळ ना कोलारची खाण आहे ना जिनिव्हाचा बोगदा, त्यांनी काय करायचं? बरंच काही. एम.एस्सी.च्या प्रयोगशाळांत गायगर-म्युलर काउंटर असतो. कुठलाही किरणोत्सारी स्रोत न ठेवता तो मिनिटभर चालवावा, आकडा लिहावा, पुन्हा चालवावा. आकडे सारखे येत नाहीत, आणि तसे ते येऊही नयेत. सरासरी १०० येत असेल तर सुमारे दोनतृतीयांश वेळा आकडा ९० ते ११०च्या दरम्यान पडतो, कारण चढउतार साधारण सरासरीच्या वर्गमुळाएवढा असतो. ज्याच्या जर्नलमध्ये ९९, १००, १०१, १०० असे शहाणे आकडे ओळीने आहेत त्याने काउंटर लावलेलाच नाही, हे जाणकार परीक्षकाला मिनिटात कळतं.

पुढची पायरी: दोन नळ्या एकावर एक ठेवायच्या आणि दोन्ही एकाच क्षणी वाजल्या तरच मोजायचं. ब्रूनो रॉसी यांनी १९३० साली ही युक्ती काढली. जमिनीतल्या आणि भिंतीतल्या किरणांचा फापटपसारा यात गळून पडतो आणि मुख्यतः म्युऑन उरतात. ही जोडी तिरपी केली तर मोजणी घटते, ढोबळ मानाने कोनाच्या कोसाइनच्या वर्गाने. ६० अंशांवर चौथा हिस्सा. आता यात देवगाव फाट्याच्या आसपासच्या माणसाला एक असा प्रयोग करता येईल जो जिनिव्हाला सुचणार नाही. मे महिन्यात मराठवाड्यातल्या कितीतरी विहिरी तळाला जातात. कोरड्या विहिरीच्या तळाशी उपकरणाला दिसतं ते फक्त वरचं वर्तुळाएवढं आकाश. बाजूने येणाऱ्या म्युऑनला काळी माती, मुरूम आणि खाली बेसॉल्ट भेदावा लागतो. विहिरीचं तोंड आणि खोली टेपने मोजावी, कोसाइनच्या वर्गाचा नियम लावून तळाशी मोजणी किती येईल ते आधी कागदावर मांडावं, आणि मग पेटी दोराने खाली सोडावी. (पेटीच, माणसाने उतरायचं काही कारण नाही.) अंदाज आणि मोजणी यांत जो फरक पडेल त्यात खडकाची जाडी, बॅटरीचा अशक्तपणा आणि सूत्राचा ढोबळपणा असं सगळं मिसळलेलं असेल. ते एकेक वेगळं काढणं म्हणजेच प्रायोगिक कणभौतिकी.

विहीर नको असेल तर ढग आहेत. उटीजवळच्या ग्रेप्स-३ प्रयोगात सहा मीटर लांबीच्या ३,७१२ नळ्या म्युऑन मोजत असतात. १ डिसेंबर २०१४ रोजी वर गडगडाटी ढग असताना म्युऑनांची संख्या थोडी घटली. ढगातल्या विद्युतक्षेत्राने म्युऑनवर काय परिणाम होईल याचं गणित करून टाटा संस्थेच्या आणि जपानी शास्त्रज्ञांनी त्या ढगाचं विभवांतर काढलं: सुमारे १.३ अब्ज व्होल्ट. निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाला. एवढा मोठा दाब ढगात असू शकतो असं आधी नुसतं मानलं जात होतं. वळवाच्या दिवसांत वीज पडून माणसं आणि जनावरं दगावतात त्या मुलखातल्या वाचकाला या आकड्याचं महत्त्व वेगळं समजावून सांगायला नको.

बाष्पकोठीही करता येते. कोरडा बर्फ, आयसोप्रोपिल अल्कोहोल, काळा कागद लावलेला धातूचा पत्रा, काचेचं भांडं आणि टॉर्च. अल्फा कणाची रेघ आखूड आणि जाड, म्युऑनची बारीक आणि सरळ, मंद इलेक्ट्रॉनची वेडीवाकडी. कोरडा बर्फ उणे ७८ अंशांचा असतो, उघड्या हाताने धरायचा नाही आणि बंद खोलीत ठेवायचा नाही. सेलूत तो सहज मिळणार नाही, तेवढा मोठ्या शहरातून आणावा लागेल.

आणि यातलं काहीच जमलं नाही तरी एक गोष्ट जमतेच. हिग्ज ज्या दोन शोधकयंत्रांनी शोधला त्यांपैकी सीएमएस या यंत्राच्या बांधणीत टाटा संस्थेचाही हात होता, आणि त्या यंत्राची खरीखुरी माहिती सर्न संस्थेने २०१४ पासून सर्वांसाठी खुली ठेवली आहे. त्यात विद्यार्थ्यांसाठी केलेल्या फायली आहेत: एक लाख टकरी, प्रत्येक ओळीत दोन म्युऑनांची ऊर्जा आणि संवेगाचे तीन-तीन घटक. साध्या स्प्रेडशीटमध्ये उघडतात. दोन्ही ऊर्जांची बेरीज करून तिचा वर्ग घ्यायचा, संवेगांचे घटक वेगवेगळे मिळवून त्यांच्या वर्गांची बेरीज त्यातून वजा करायची, वर्गमूळ काढायचं. दोन्ही म्युऑन ज्या कणातून जन्मले त्याचं वस्तुमान मिळतं. लाख ओळींचा आलेख काढला की ३.१ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या जागी एक सुळका उभा राहतो. १९७४च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्या दोन प्रयोगशाळांनी एकाच वेळी शोधलेला हा कण. त्याने चार्म क्वार्कचं भाकीत खरं ठरवलं आणि सॅम्युअल टिंग व बर्टन रिक्टर यांना १९७६चं नोबेल मिळालं. ९.५च्या जवळ दुसरा सुळका, ९१च्या जवळ तिसरा. ते कशाचे, हे पुढच्या प्रकरणांत येईल.

वाचकाला विनंती एवढीच की पहिलं प्रकरण उघडण्याआधी ही फाइल उतरवून घ्यावी आणि आलेख स्वतः काढावा. फाइल फुकट आहे आणि तिला पासवर्ड लागत नाही.